सीएनसी ऑपरेटरचा सेटर कसा होतो? : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : टर्नर ट्रेडमधून आयटीआय झालं आहे. चाकणला एका युनिटमध्ये चार वर्षं सीएनसी टर्निंग सेंटरवर (संगणकानं चालणाऱ्या लेथवर) ऑपरेटर आहे. पगार अडकला आहे. मित्र म्हणतात, कॅमचा कोर्स कर आणि प्रोग्रामर हो. करू का? (वाचक, चाकण)

आत्ता नको. आधी सेटर व्हा, म्हणजे नव्या जॉबसाठी (कापायच्या तुकड्यासाठी) मशीन आणि टूल लावून देणारा. कॅम सॉफ्टवेअर टूलपाथ, म्हणजे टूलनं कापत जायचा मार्ग, काढून देतं. जॉब कुठं धरायचा, बोरिंग बार (भोक आतून कापणारं टूल) किती बाहेर ठेवायचा, पकडल्यावर जॉब दबेल का, हे माणसालाच ठरवावं लागतं. ज्याला हे ठरवता येत नाही त्याचा प्रोग्राम स्क्रीनवर छान दिसतो आणि मशीनवर चॅटर (कापताना थरथर) येतो. शिवाय दोन अक्षांच्या टर्निंगमधली बहुतेक कामं जी-७१, जी-७० आणि जी-७६ (रफिंग, फिनिशिंग आणि थ्रेडिंगच्या तयार सायकल) वापरून हातानं लिहिता येतात. ती आधी लिहायला शिका.

सेटिंगची सुरुवात सॉफ्ट जॉपासून, म्हणजे जॉबच्या मापाला कापून घ्यायच्या चकच्या मऊ जबड्यांपासून, करा. जॉ बोअर करताना चकमध्ये रिंग पकडलेली हवी, आणि प्रेशर जॉबला देणार तेवढंच हवं. जॉ मोकळे ठेवून बोअर केले तर क्लॅम्पिंगच्या जोरानं ते तोंडाशी उघडतात, जॉब फक्त मागच्या कडेवर धरला जातो आणि रनआउट येतो, म्हणजे जॉब फिरताना डगमगतो. बोअरचा व्यास जॉबच्या पकडायच्या व्यासाइतकाच ठेवा. लहान झाला तर प्रत्येक जॉ दोन कडांवर टेकतो आणि खुणा पडतात. मोठा झाला तर फक्त मधोमध टेकतो.

पातळ रिंगमध्ये याहून फसवा दोष येतो. प्रेशर जास्त असेल तर बोअर पकडीत असताना गोल असतो आणि जॉब सोडला की तिकोनी होतो. दोन टोकांवर मोजणाऱ्या बोअर गेजला तो दिसत नाही, कारण तीन उंचवट्यांच्या आकारात समोरासमोरचं माप जवळपास सारखंच राहतं. तीन पॉइंटचा बोअर मायक्रोमीटर लावा, ६० अंश फिरवून पुन्हा वाचा. क्वालिटीवाले ‘बोअर बरोबर आहे’ म्हणतात आणि असेंब्लीत बेअरिंग बसत नाही, तेव्हा सर्वांत आधी हे तपासावं.

ऑफसेटचं काम, म्हणजे टूलच्या मापाची दुरुस्ती कंट्रोलमध्ये भरणं, तुम्ही रोज करत असाल, तरी एक हिशेब नीट समजून घ्या. हवं माप २५.००, मिळालं २५.०४, आणि वेअरमध्ये (झिजेसाठीच्या ऑफसेटमध्ये) आधीचे उणे ०.०६ आहेत. फानुक कंट्रोलवर उणे ०.०४ टाकून ‘प्लस इनपुट’ दाबलं तर वेअर उणे ०.१० होतो आणि माप जुळतं. नुसतं ‘इनपुट’ दाबलं तर जुना आकडा पुसला जाऊन उणे ०.०४ उरतो, आणि पुढचा जॉब २५.०६ निघतो. माप कमी करायला गेलात आणि वाढलं, तर कारण बहुधा हेच असतं.

नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईची) भरपाई, म्हणजे जी-४१ आणि जी-४२, हाही सेटरचाच विषय आहे. ती न लावता सरळ व्यास आणि फेस बरोबर येतात, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण ०.८ मिमी नोजच्या इन्सर्टनं (टूलवर बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यानं) १ मिमी × ४५ अंशांचा चॅम्फर (तिरकी कड) कापला तर तो जेमतेम ०.५३ मिमी भरतो. भरपाई लावताना ऑफसेट पानावर नोजचा आकडा आणि टूलच्या टोकाची दिशा दोन्ही भरा. बाहेरून टर्निंग करणाऱ्या नेहमीच्या टूलला दिशा ३, बोरिंग बारला २. दिशा चुकली तर भरपाई उलटी लागते.

आणि तापमान. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा शाफ्ट मशीनमधून २० अंशांनी गरम निघाला, तर तो सुमारे ११.५ मायक्रॉननी मोठा मोजला जातो. एच-६ या टॉलरन्स वर्गाच्या शाफ्टला या व्यासावर सगळी मिळून १६ मायक्रॉनची सूट असते. गरम जॉब ‘ओके’ म्हणून पेटीत टाकला की थंड झाल्यावर तो अंडरसाइज ठरू शकतो. ऑफसेट द्यायचा असेल तर जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

एक वही ठेवा. इन्सर्ट बदलल्यापासून कितवा पीस, माप किती, ऑफसेट किती दिला. दोन महिन्यांत इन्सर्ट कोणत्या पीसला झिजतो ते तुम्हाला सांगता येईल. सेटरच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा या वहीची पानं जास्त वजनदार ठरतात, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मेकॅनिकल डिप्लोमा झाला आहे, तीन अक्षांच्या व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या मिलिंग मशीनवर) प्रोग्रामिंग करतो. पाच अक्षांचं प्रशिक्षण घ्यावं का? (वाचक, वाळूज)

घ्या. तुमच्या शहरात इंडो-जर्मन टूल रूम ही प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आधी चौकशी करा. पण सुरुवात तीन अधिक दोन पद्धतीनं करा, म्हणजे टेबल कोनात फिरवून लॉक करायचं आणि मग नेहमीसारखं तीन अक्षांत कापायचं. कारखान्यातली पुष्कळशी कामं यातच भागतात. पाचही अक्ष एकाच वेळी लागतात ते इम्पेलर, टर्बाइनची पाती, डायचे खोल वक्र भाग यांना.

इथे बहुतेक जण अडकतात ते फिरणाऱ्या अक्षाच्या केंद्रापाशी. टेबल कोनात फक्त ०.०१ अंशानं चुकलं, तरी केंद्रापासून २०० मिमी अंतरावर ०.०३५ मिमीची चूक होते. म्हणून प्रोब (स्पर्शानं मोजणारी सुई) आणि मास्टर बॉलनं (अचूक गोळ्यानं) केंद्र तपासणं हे प्रशिक्षणात हातानं करायला मिळतं का, ते फी भरण्याआधी विचारा. टूलचं टोक धरून ठेवणारा मोड (फानुकवर जी-४३.४, सीमेन्सवर ट्राओरी) कसा चालतो तेही समजून घ्या.

जोडीला ड्रॉइंगमधल्या भूमितीय टॉलरन्सचा (आकार आणि जागेतल्या सुटीचा) पक्का अभ्यास करा. पोझिशन टॉलरन्स व्यास ०.१ असताना भोक एक्समध्ये ०.०४ आणि वायमध्ये ०.०४ सरकलं, तर ‘दोन्ही ०.०५ च्या आत’ म्हणून सोडून देणारे खूप भेटतात. प्रत्यक्षात ती चूक व्यासात ०.११३ होते आणि जॉब रिजेक्ट ठरतो.

प्रश्न : मुलगी यंदा दहावी झाली. तिला मशीनचीच आवड आहे. आयटीआय की डिप्लोमा? (पालक, कोल्हापूर)

हातानं काम लवकर शिकायचं असेल तर आयटीआयचा मशिनिस्ट, टर्नर किंवा टूल अँड डाय मेकर हा दोन वर्षांचा ट्रेड चांगला. पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेण्याची वाट आहे, त्यामुळे शिक्षण तिथेच थांबत नाही. प्रवेश परीक्षेची तयारी असेल तर टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमाही पाहा. त्यात वर्कशॉपचे तास भरपूर असतात.

संस्था निवडताना इमारतीपेक्षा मशीनवरचे तास मोजा. ८० तासांचं प्रात्यक्षिक आणि एका मशीनवर दहा मुलं, म्हणजे तिच्या वाट्याला आठ तास. खरी मशीन किती चालू आहेत आणि सिम्युलेटर किती, कच्चा माल पुरतो का, हे स्वतः वर्कशॉपमध्ये जाऊन, शक्यतो कामाच्या दिवशी, मुलीला सोबत नेऊन पाहा.

प्रश्न : फानुक येतं. नव्या नोकरीत सीमेन्स कंट्रोल आहे. काय जपावं? (वाचक, सातपूर)

कोड सारखे दिसतात, अर्थ वेगळे असतात. फानुक लेथवर जी-७१ हे रफिंग सायकल आहे, सीमेन्सच्या मूळ भाषेत त्याचा अर्थ ‘मापं मिलिमीटरमध्ये’. फानुक लेथवर सहसा जी-९० म्हणजे टर्निंग सायकल, तर सीमेन्सवर जी-९० म्हणजे अ‍ॅब्सोल्युट मापं. स्पिंडलची कमाल गती फानुक लेथवर जी-५० नं बांधतात, सीमेन्सवर ‘लिम्स’नं. ही मर्यादा विसरून जी-९६ (स्थिर कटिंग गती) वर फेसिंग केलं तर टूल केंद्राकडे सरकताना स्पिंडल मशीनच्या कमाल गतीपर्यंत चढतं. जड किंवा एका बाजूला भार असलेला जॉब तेव्हा चकमधून सुटू शकतो. सीमेन्सवर व्यास की त्रिज्या हेही ‘डायमॉन’नं ठरतं, ते प्रोग्रामच्या सुरुवातीलाच पाहून घ्या. पहिला प्रोग्राम जॉब न लावता, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), रॅपिड (न कापतानाची जलद चाल) अगदी कमी ठेवून चालवा, आणि प्रत्येक ब्लॉकला ‘उरलेलं अंतर’ वाचून मगच सायकल स्टार्ट दाबा.