लेकीला आधीच ‘मम्मी’ शिकवू का?

ताई, इंग्लंडात न्यूकॅसलला निघालात, घरात अहिराणी, तीन वर्षांची लेक ‘माय’ म्हणते. जाण्याआधी तिला ‘मम्मी’ची सवय लावू का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसा, फी वगैरे सरकारी साईटवर आहे, त्यात मी पडत नाही.

लावू नका. इथे न्यूकॅसलला पोरंच ‘मम’ म्हणत नाहीत, ‘मॅम’ म्हणतात. मदर्स डेला ‘मॅम’ छापलेली कार्डं दुकानात मिळतात. खाली बर्मिंगहॅमकडे ‘मॉम’.

माझ्या मुलीच्या शाळेतून मात्र पहिल्याच सत्रात चिठ्ठी आली: ‘माय’ म्हणून थांबते, पुढचा शब्द तिला सुचत नाही, भाषेची तपासणी करू या. बाईंना वाटलं, ही इंग्रजीत ‘माझं’ म्हणतेय! समजावून सांगितलं, तरी फॉर्म भरावाच लागला. घरी कोण काय बोलतं, पहिला शब्द कोणता, कधी बोलली. पहिल्या शब्दाच्या रकान्यात मी ‘माय’च लिहिलं. ‘मॅम’वाल्यांच्या घरी नाही हो जात असल्या चिठ्ठ्या.

पण एवढं झोंबलं, कारण तो माझा पहिला फॉर्म नव्हताच. पुण्याच्या होस्टेलवर माझा ‘डोया’ केव्हाच ‘डोळा’ झाला होता. ‘केयी’ म्हटलं की मुली पुन्हा म्हणायला लावायच्या. त्याच मुली बहिणाबाईंच्या कविता मात्र कौतुकाने म्हणायच्या. पुस्तकातली खान्देशी बोली गोड! घरचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलायचे. इंग्लंड तेव्हा कुठे होतं?

एकटेपणा असतो. डिसेंबरात पावणेचारच्या आधीच सूर्य मावळतो. दिवे लावायचे न् भाजी चिरायला घ्यायची.

अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, मात्र छळते. ती येते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा बहुतेक वेळा शाळा चालू असते. परवानगीशिवाय पाच दिवस बुडाले तर ऑगस्ट २०२४ पासून मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो. आम्ही दोघांचे मिळून १६० भरले आणि गेलो. झोका, आमरस, मांडे, सगळं झालं. लेक अंगणातून ‘माय, माय’ ओरडत आली, तर माझी वहिनीच तिला म्हणाली, ‘मम्मी म्हन ना बेटा.’ आमच्या गल्लीत आता सगळी पोरं मम्मीच म्हणतात. ‘माय’ म्हणणारी माझी एकटीच निघाली, न्यूकॅसलहून आलेली.