डिप्रेशनची गोळी दहा दिवस घेऊनही फरक नाही, बंद करू का?

मनाने बंद करू नका. तुमचा प्रश्न वाचून आमचा दादाच आठवला, म्हणून लिहायला बसलो.

२०१४ साली मला एस्सिटॅलोप्राम सुरू झालं. लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही पाच जण. स्ट्रिप लपवणार कुठे? देव्हाऱ्याच्या खणात, अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवायचो. बाराव्या दिवशी दादाला सापडली. ओरडला असता तर बरं झालं असतं. बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, "क्रोसिनने अर्ध्या तासात ताप उतरतो. ही बारा दिवस काय करतेय? मन घट्ट कर जरा." आई गप्प. मला उत्तर सुचलं नाही. त्याच रात्री स्ट्रिप कचऱ्यात गेली आणि चार महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तर दादा, ऐक. गोळी पहिल्याच दिवशी कामाला लागते. मेंदूतल्या पेशीने सोडलेलं सेरोटोनिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, परत आत ओढणारा पंप ती अडवते, म्हणून ते दोन पेशींमधल्या फटीत साचतं. पण सोडणाऱ्या पेशीवरच त्याची पातळी ओळखणारे रिसेप्टर असतात. पुढे दादरला फलाट मोकळा नसला की मागची लोकल सिग्नलला उभी राहते, तसं ते पेशीला थांबवतात. हा ब्रेक सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात. पेशींमधले जोड नव्याने पक्के व्हायलाही वेळ लागतो. भूल द्यायचं केटामाइन मात्र काही तासांत उदासी हलकी करू शकतं, कारण त्याचा रस्ता वेगळा, ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा. त्याच्याच भावंडाच्या, एस्केटामाइनच्या, नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. "मन घट्ट" असण्या-नसण्याचा इथे संबंध येतोच कुठे?

हां, सेरोटोनिन कमी पडलं म्हणून डिप्रेशन येतं, इतकं ते सरळ नाही. सहा आठवड्यांनीही फरक नसेल तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलतात. आणि पंचविशीच्या आतले असाल तर सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात. तसं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६.

गेल्या वर्षी दादाला थायरॉईड निघाला. गोळी सुरू करून डॉक्टर म्हणाले, दीड महिन्याने रक्त तपासू. दीड महिना निमूट थांबला. मी तेव्हा क्रोसिनचा विषय काढला नाही.