हाडातला हायडॅटिड: सुरुवातीला एवढं सांभाळ

साक्रीकडे नेमणूक झाली म्हणतोस, म्हणजे मेंढपाळ रुग्ण येणारच. मेंढ्या आणि कुत्री एकत्र, तिथे हायडॅटिड, म्हणजे कुत्र्यांच्या जंतापासून शरीरात पाण्याच्या पिशव्या होण्याचा आजार, लक्षात ठेवायचा. हाडात तो क्वचित, पण झाला तर जवळपास निम्म्या वेळा मणक्यात.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- मणका पोखरलेला दिसला की थेट टीबीची औषधं. आपल्याकडे टीबीच जास्त, शंका रास्तच. पण तपासणीसाठी सुई घालण्याआधी एमआरआय बघ. पाण्याच्या पिशव्यांचा घोस दिसला तर हात आवर. आतला द्रव सांडला तर ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी) होऊ शकतो, आजारही पसरतो.
- रक्ततपासणी निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होणं. हाडाच्या आजारात ती बऱ्याचदा दगा देते. यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे करच.
- जंताची एक गोळी देऊन घरी पाठवणं. हे तर नकोच.

अल्बेंडाझोल मोठ्या माणसाला साधारण ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, महिनोन्महिने. आधी गरोदरपण विचार, मग यकृत आणि पांढऱ्या पेशींवर लक्ष. गोळी स्निग्ध जेवणासोबतच, कळण्याच्या भाकरीवर तेलाची चांगली धार हवी. नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही, बाधित हाड काढावं लागतं. ते काम मोठ्या रुग्णालयाचं. पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी पाठव.