सेवा करूनही मन कोरडं राहतं तेव्हा

प्रिय मुली,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. तरुण संघ, संडेस्कूल, दवाखान्यातल्या रुग्णांच्या भेटी, इतकं सगळं करूनही तू घरी येतेस ती चिडलेली आणि थकलेली. ‘सेवेत आनंद असतो म्हणतात, मग मला का मिळत नाही?’ असं तू विचारलंस. तुझा विश्वास उणा आहे म्हणून हा प्रश्न पडला, असं मुळीच समजू नकोस. पंडिता रमाबाईंनासुद्धा त्याचं उत्तर सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं लागली.

रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा वाँटेज गावच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅममधलं आपलं काम दाखवलं. समाजानं टाकलेल्या बायकांना त्या भगिनी मायेनं जवळ करत होत्या. हे कशाच्या बळावर, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका भगिनीनं त्यांना येशू आणि शोमरोनी बाईची, म्हणजे लोकांनी हलकं मानलेल्या बाईशी येशू आपुलकीनं बोलला ती, गोष्ट वाचून दाखवली. म्हणजे सेवा बघून त्या श्रद्धेपर्यंत आल्या. १८८३ साली बाप्तिस्मा झाला, ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. काम जोरात होतं. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, ही रुखरुख त्यांना होती. पुढे त्यांनीच तसं मोकळेपणानं लिहिलं आहे. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगलं की देवाची कृपा काम करून मिळवायची नसते, ती आधीच दिलेली असते. काम तेच राहिलं. त्या मात्र आता देवाला पसंत पडण्यासाठी राबत नव्हत्या.

तुझी दमणूक इथेच आहे, असं मला वाटतं. प्रत्येक रुग्णाच्या खाटेशी तू जणू परीक्षेला बसतेस.

शारदा सदनात रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्या हिंदू घरच्या मुलींना ख्रिस्ती केलं जातंय, असा पुण्यात गदारोळ झाला. १८९३ मध्ये सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. त्या पालकांची धास्ती मी समजू शकते. पण प्रार्थना सोडून काम वाचवायचं, हा सौदा रमाबाईंनी केला नाही. पुढे १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली त्यांनी आणल्या आणि पुण्याजवळच्या केडगावला मुक्ती हे आश्रयस्थान उभं राहिलं, ते आजही चालू आहे.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव पेत्र या शिष्याच्या दारात जमलं, येशूनं पुष्कळांना बरं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिष्य शोधत आले: सगळे तुझी वाट बघताहेत! आणि तो परत गेला नाही. आपण जवळच्या दुसऱ्या गावांना जाऊ, म्हणाला. हे आपण उपदेशात भरकन ओलांडतो. दारात आजारी माणसं असतानाही ‘आता इथे नाही’ म्हणायचं बळ त्याला त्या पहाटेनं दिलं. तुला ‘नाही’ म्हणताच येत नाही, कारण तुझी पहाट फोन बघण्यात जाते.

तेव्हा सकाळी फोनच्या आधी बायबलातलं एक स्तोत्र मोठ्यानं वाच. तेराव्यापासून सुरुवात कर, त्यात दावीद देवाशी चक्क भांडतो. तूही भांड. वॉर्डातल्या त्या कुरकुऱ्या आजींचा वैताग येतो, तर तोही देवाला सांग. मग त्यांचं नाव घेऊन प्रार्थना कर. दवाखान्यात गेल्यावर लगेच ‘प्रार्थना करू का?’ म्हणू नकोस. जेवलात का, झोप लागली का, ते विचार आणि बस. त्यांनीच म्हटलं तर प्रार्थना कर, नाहीतर त्यांचा तांब्या भरून ठेव, तेवढं पुरे.

आणि दुसऱ्यांना तुझं काही करू दे. येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा पेत्राला ते जड गेलं होतं. तुलाही जड जाणार, मला माहीत आहे. आजी पुढ्यातलं बिस्कीट देतील तर घे आणि त्यांच्यासमोर खा.

या महिन्यात संडेस्कूल दुसऱ्या कुणाला घेऊ दे. पाळकसाहेबांशी मी बोलते. एखाद्या शनिवारी दौंडच्या गाडीनं केडगावला जाऊन येऊ, सकाळची उपासना तिथेच करू. कुठला शनिवार जमेल ते कळव.

तुझी,
मावशी