जनगणनेचे आकडे सरकार धोरण ठरवताना खरंच वापरतं का, की ते नुसतेच फायलीत पडून राहतात?

वापरतात हो. फायलीत पडून राहिले असते तर माझा मेहुणा इतकी वर्षं माझ्याशी भांडत बसला नसता.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक, आता निवृत्त. शाळा बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, आणि शाळेचं गाव तेच माझी सासुरवाडी. २०११ च्या जनगणनेत तिथं मी प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माणसं मोजणारा होतो. खांद्याला सरकारी पिशवी, हातात नजरी नकाशा. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण. आधी घरांची यादी आदल्या उन्हाळ्यात झाली तेव्हा गाव भरलेलं होतं. ९ फेब्रुवारीला मोजायला निघालो तर चौकोनांना कुलपं आणि त्रिकोणांत म्हाताऱ्या. बाकी सगळे कारखान्यावर, ऊस तोडायला.

नियम असा, की ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत जो एकदाही घरी नव्हता, त्याला त्या घरात धरायचं नाही. तो जिथं असेल तिथला प्रगणक त्याला मोजेल. कागदावर बिनतोड आहे. पण एका आजीनं चुलीपुढं बसून दोन ल्योक, दोन सुना आणि एक नात अशी पाच नावं सांगितली आणि मी म्हटलं, "आजी, ते इथं नाहीत, तुमचं एकटीचंच लिहितो." भाकरी थापायची थांबली ती. "नाहीत म्हंजी? मेले का काय?"

मेहुणा मुकादम, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्याला पुरवणारा. त्या आठवड्यात एका लग्नासाठी दोन दिवस गावी आला होता. रात्री घरी येऊन त्यानं वही माझ्यापुढं टाकली. लाल पुठ्ठ्याची, तेलकट. आत ओळीनं कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, समोर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती दिली ते आणि शेजारी अंगठा. "दाजी, आपल्या गावचे सगळे हायेत हिच्यात. उतरवून घ्या फॉर्मात. तुमच्या खिशातून काय जातंय?"

खोटं कशाला बोलू, त्या वहीइतकी चोख मोजणी मी उभ्या आयुष्यात पाहिली नाही. उचल दिलेली असल्यावर मुकादम एकही डोकं विसरत नाही.

मी नाही उतरवली. लोकसंख्या दीड हजाराच्या खाली आली. ग्रामपंचायतीला १५०० पर्यंत ७ सदस्य, त्यापुढं ३००० पर्यंत ९. आमचे ९ चे ७ झाले, वॉर्ड नव्यानं पाडले गेले आणि मेहुणा ज्यावर डोळा ठेवून होता तो वॉर्डच मोडला. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला, "दाजींनी माझी सीट खाल्ली." पुढं चौदाव्या वित्त आयोगाचा निधी थेट ग्रामपंचायतीत यायला लागला, तोही मुख्यतः २०११ च्या लोकसंख्येच्या मापानं. मग तर गावात गटार तुंबलं तरी माझंच नाव.

आता तुमच्या प्रश्नाचं. रेशनचं बघा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं महाराष्ट्रात ग्रामीण भागातले ७६.३२ टक्के आणि शहरातले ४५.३४ टक्के लोक धान्याला पात्र ठरवले. टक्के कशाचे? २०११ च्या लोकसंख्येचे. तहसीलला कार्डात नवीन नाव घालायला जा, साहेब म्हणतात "इष्टांक शिल्लक नाही," म्हणजे ठरलेला कोटा संपला. तो इष्टांक तिथून आलेला आहे. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० लोकांमागे एक, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे, हेही डोकी मोजूनच. आणि आमच्याच जिल्ह्यात ० ते ६ वयाच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ८९४ होत्या, त्या २०११ मध्ये ८०७ निघाल्या. राज्यात सगळ्यात कमी. तो आकडा आल्यावर कुठं सोनोग्राफी सेंटरांवर धाडी पडायला लागल्या. गावात काय चाललंय हे त्याआधी कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, पण सरकारला छापील आकडा लागतो.

म्हणून मी म्हणतो, आकडे वापरत नाहीत ही तक्रारच चुकीची. तारीख कुणी ठरवली ते विचारा. शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षक किती मिळणार ते, ३० सप्टेंबरच्या पटावर होते. तेव्हा टोळ्या निघालेल्या नसतात, वर्ग भरलेले असतात. दिवाळीनंतर पट निम्मा. म्हणजे सप्टेंबरच्या कागदावर पोरं गावात, फेब्रुवारीच्या कागदावर आईबाप गायब. (फुगवलेल्या पटाचं म्हणाल तर २०११ च्याच ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटांना शाई लावून. आमचा पट एका पोरानंही चुकला नाही. हे मेहुण्याला मी दर वेळी ऐकवतो.)

२७ फेब्रुवारीला एक सून बाळंतपणासाठी कारखान्यावरून परत आली. तिला मी धरलं. कारखान्यावर मजूर राहतात त्या झोपडीला कोपी म्हणतात. तिला विचारलं, "कोपीवर कुणी आलं होतं का मोजायला?" ती हसली. "मोजतेत की. उसाला, काट्यावर." तिचं बाळ झालं २ मार्चला. हिशोब २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंतचा, त्यामुळं मार्चच्या फेरतपासणीच्या फेरीत टोपडं घातलेलं ते पोर समोर बघूनही मी कागद तसाच मिटला. त्या पोराला आता मिसरूड फुटायला लागलंय. रस्त्यात दिसला की नमस्कार करतो, आणि मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

एक कबूल केलं पाहिजे. सगळी घट टोळ्यांमुळंच झाली असं नाही. बरीच घरं कायमची पिंपरी-चिंचवडला गेली होती, त्यांना वहीतून उतरवणं शुद्ध लबाडी झाली असती. आणि कोपीवर सगळीकडंच कुणी फिरकलं नाही, असं एका बाईच्या सांगण्यावरून मी छातीठोक म्हणू शकत नाही. काही कारखान्यांवर मोजलंही असेल. पण मग ती माणसं आकड्यात कारखान्याच्या गावची झाली, तिथं ती सहा महिनेही राहत नाहीत. नियम मी पाळला, आजही पाळीन.

आता नवी जनगणना आहे, २०२७ ची, आणि माणसं मोजायची पुन्हा फेब्रुवारीतच. परवा मेहुण्याचा फोन आला. "दाजी, यंदा मोबाईलवर आपलं आपण भरता येतं म्हणे. कोपीवर बसून गावचा पत्ता टाकला तर कोण बघतंय?"

मी म्हटलं, जिथं असशील तिथलाच टाकायचा.

त्यानं फोन ठेवला. बायको दोन दिवस बोलली नाही.