सुडोचं सोड, स्क्रिप्ट लिही

अगं,

सामाईक क्लस्टरवर सॉफ्टवेअर बसवायला तू सुडो, म्हणजे रूटच्या (अख्ख्या मशीनचे सगळे अधिकार असलेल्या खात्याच्या) नावाने कमांड, मारलंस आणि ‘हा प्रकार कळवला जाईल’ एवढं स्क्रीनवर आलं म्हणून झोप उडवून घेऊ नकोस. सुडो मारून बघणारी तू पहिली नाहीस. ती नोंद लॉगमध्ये जाते आणि बहुतेक वेळा तिथेच पडून राहते. पण ‘रूटची परवानगी द्या’ म्हणून जो मेल लिहिलायस तो पाठवू नको, आणि त्यासाठी हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्यालाही जाऊ नको. एवढ्या लोकांच्या सामाईक मशीनवर रूट तुला मिळणार नाही. मिळूही नये.

लागतं कुठे ते? आधी मॉड्यूल अव्हेल, म्हणजे मशीनवर आधीच बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी, बघ. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जिवाणूचा जीनोम जुळवायला हवं असलेलं स्पेड्स कदाचित तिथे असेलच. नसेल तर होममध्येच, तुझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, बसव आणि त्याचं बिन फोल्डर पाथला, म्हणजे कमांड शोधायच्या जागांच्या यादीला, जोड. हे कुणीही सांगेल.

माझं म्हणणं वेगळं आहे. हाताने काहीही बसवू नको. आधी स्क्रिप्ट लिही, मग चालव. आवृत्ती कोणती, उतरवली कुठून, जीसीसी कंपायलरचं मॉड्यूल कुठलं, प्रिफिक्स (बसवायची जागा) काय, सगळं एका फाइलीत.

‘एका ओळीच्या पिपला कसली स्क्रिप्ट?’ म्हणशील. तीच ओळ घात करते! पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला ‘यूजर’ दिलंस की पॅकेज होममधल्या डॉट लोकल फोल्डरमध्ये जातं. मग त्याच आवृत्तीचं पायथन, अगदी कोंडा वापरून केलेल्या वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमधलंसुद्धा (प्रत्येक कामाची पॅकेजं वेगळी ठेवायची जागा), आधी तिथलंच उचलतं. भलत्याच आवृत्तीचं नमपाय पॅकेज कुठून आलं ते शोधत बसशील. वेगळी एन्व्हायर्नमेंट कर, आणि ती करायची ओळही स्क्रिप्टमध्ये घाल.

तुझा जॉब ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत पडला ना? मार्च-नेटिव्ह (‘याच प्रोसेसरपुरतं बांध’ असं सांगणारा पर्याय) लावून, आपण जिथे आत शिरतो त्या लॉगिन नोडवर कंपाइल केलंस, आणि जिथे जॉब चालतो त्या कंप्यूट नोडचा प्रोसेसर जुना निघाला असणार. स्क्रिप्ट असती तर इंटरॅक्टिव्ह जॉब घेऊन तीच तिथे पुन्हा चालवली असतीस. आता बस आठवत.

मला लोक हेकट म्हणतात. म्हणोत. आमच्याकडचा एक हुशार मुलगा पीएचडी करून गेला, त्याचं खातं बंद झालं, आणि त्याचा एक तक्ता आम्हाला आजवर पुन्हा काढता आलेला नाही. त्यालाही हेच सांगत होतो; तो हसायचा. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात जकार्डवर चादर विणतात, तिथे विणकर बदलला तरी पंच केलेली कार्डं मागावर असतात, नक्षी तीच उतरते. त्या मुलाने कार्डंच ठेवली नाहीत. मग मी हटून बसतो ते उगाच का?

कोंडाचं नंतर बोलू. त्याच्या बारीकसारीक फाइलींनीच होमचा कोटा भरतो.

मेल खोडून टाक. स्पेड्सची स्क्रिप्ट लिहून रविवारपर्यंत मला पाठव. वरच सेट डॅश ई घाल, नाहीतर मेक (कंपाइल करणारी कमांड) पडलं तरी खालच्या ओळी चालत राहतील आणि तुला वाटेल सगळं बसलं.