लहान मुलांचा श्वासमार्ग: हाताने बनवलेल्या मॉडेलवर सराव

प्रश्न: मी बालरोग विभागात रेसिडेंट आहे. लहान मुलांचा श्वासमार्ग हाताळायचा सराव करायला आमच्याकडे मॅनिकिन (सरावाची बाहुली) नाही, लवकर येईल असंही दिसत नाही. वरिष्ठ म्हणतात, ‘तुम्हीच काहीतरी बनवा.’ अशा जुगाडावर शिकलेलं खऱ्या बाळाच्या वेळी कामाला येतं का? आणि सुरुवात कशापासून करू?

उत्तर: येतं, पण हाताची नेमकी कुठली चूक घालवायची हे आधी ठरवा आणि मगच सामान जमवा. बहुतेक जण आधी बाहुली शोधतात आणि नंतर तिच्यावर काय शिकवायचं याचा विचार करतात.

इंट्युबेशनची, म्हणजे श्वासनलिकेत नळी घालायची, घाई सगळ्यांनाच असते. मी भूलतज्ज्ञ, माझ्या वर्गात लॅरिंगोस्कोप (नळी घालताना स्वरतंतू दिसावेत म्हणून तोंडात धरायचं उपकरण) सुरुवातीला कपाटातच असतो. बाळ किलोमागे मोठ्या माणसाच्या साधारण दुप्पट ऑक्सिजन वापरतं आणि फुफ्फुसातला साठा तुटपुंजा, त्यामुळे सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) बघता बघता घसरतं. तेवढ्या वेळात बाळाला तारतो तो नीट बसलेला मास्क. नवशिक्याची बोटं जबड्याच्या हाडावर न राहता हनुवटीखालच्या मऊ भागात रुततात. जीभ टाळूला टेकते, आणि मग मास्कला जोडलेली हवेची पिशवी कितीही दाबा, छाती हलत नाही. कडक प्लास्टिकच्या बाहुलीवर ही चूक दिसतच नाही! म्हणून हनुवटीखालचा भाग कापून तिथे स्पंज बसवा, स्पंजाला लागून तोंडातून आत जाणारी पातळ, मऊ नळी ठेवा आणि तिच्या टोकाला फुगा बांधा. बोट रुतलं की नळी चेपते आणि फुगा फुगत नाही. शिकवणाऱ्याला ओरडावं लागत नाही, हे आणखी बरं. डोकं मात्र मागे मोठं आणि जड असू द्या. त्या भाराने मान पुढे वाकते; खांद्याखाली कापडाची घडी का ठेवायची, हे त्याशिवाय हाताला कळत नाही.

दुसरं मॉडेल नळीच्या मापासाठी. ४ मिमी व्यासाच्या मार्गात चारी बाजूंनी १ मिमी सूज आली की २ मिमीच उरतात. क्षेत्रफळ एक चतुर्थांश होतं, आणि शांत प्रवाह धरला तर अडथळा सोळापट. तेव्हा स्वरतंतूंच्या खाली एक थोडी घट्ट कडी बसवा. नळी तिथे अडली की जोर लावायचा नाही, व्यासाने अर्धा मिमी लहान नळी मागायची. सराव या मागण्याचाच करायचा.

ट्रेकिऑस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवण्याच्या, सरावासाठी व्हेंटिलेटरची नालीदार नळी सर्रास वापरतात. मोठ्यांसाठी ठीक आहे, बाळासाठी ती फारच रुंद. सीटी स्कॅनवरून साचा छापून सिलिकॉन ओतता आलं तर उत्तम. प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन असेल तर लेटेक्सचे हातमोजे घालून त्याला हात लावू नका. त्यातल्या गंधकाने ते घट्ट होत नाही, चिकटच राहतं. काही रेझिनच्या साच्यांतही हाच ताप होतो. प्राण्याची श्वासनलिका चिरायला छान, पण तिच्यासाठी लागणारी अवजारं कायमची वेगळी ठेवावी लागतात. चीर उभी, दोन्ही बाजूंना स्टे सुचर्स (चिरेच्या कडा धरून ठेवणारे टाके), ते ओढून मार्ग उघडायचा आणि निसटलेली नळी परत घालायची, एवढं साध्या मॉडेलवरही होतं. यातलं नळी बदलणं नर्सेस आणि आईवडिलांनाही शिकवा. नळी चोंदते तेव्हा बाळाजवळ सर्जन क्वचितच असतो.

आता तुमचा खरा प्रश्न, शिकलेलं खाटेपर्यंत पोचतं का? नवजात बाळाला श्वास घ्यायला मदत करण्याचं ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हे प्रशिक्षण २०१० मध्ये सुरू झालं. त्यात पाणी भरून वजनदार करायची साधी बाहुली वापरतात. टांझानियातल्या एका रुग्णालयात एका दिवसाच्या वर्गानंतर बाहुलीवरचं काम सुधारलं, प्रत्यक्ष बाळांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. पुढे तिथेच कामाच्या जागी थोडा-थोडा पण वारंवार सराव सुरू झाला आणि पहिल्या २४ तासांतले मृत्यू घटले. बाहुली तशीच साधी होती. त्यामुळे कार्यशाळेचा बेत सोडा. मॉडेल वॉर्डातच ठेवा आणि ड्युटी बदलताना दोघादोघांनी दहा मिनिटं करा. एकाने मास्क धरायचा, दुसऱ्याने पिशवी दाबायची आणि ‘छाती हलत नाही’ हे मोठ्याने म्हणायचं. हे वाक्य वरिष्ठांसमोर उच्चारणंच ज्युनिअरला सगळ्यात जड जातं.

एक व्यवहारातली गोष्ट. सरावासाठी मुदत संपलेल्या नळ्या वापराल, खुशाल वापरा. पण प्रत्येकीवर भडक रंगाची पट्टी चिकटवा आणि त्यांचा डबा इमर्जन्सी ट्रॉलीच्या आसपासही ठेवू नका. घाईत हात जो डबा समोर दिसेल त्यातच जातो.